कोरडी

मरोळहून आली ओटिलिया किणी,
पिशवीत एक बाटली, बाटलीला लोकरीचा पायमोजा.
म्हणाली, लेबलं हवीत. एकतीस.
एकतीस? शाई लावेपर्यंत संपतील बाई.
बाटल्याच तेवढ्या आहेत, म्हणाली.

फणसवाडीत आमचं ट्रेडल अजून चालतं.
मुंजी, तेरावे, सोसायटीच्या पावत्या,
आणि हल्ली ते हौशी लोक, ज्यांना अक्षर
बोटाला लागावं लागतं.

मजकूर वहीच्या पानावर:
द्राक्षाची लाल वाइन. कोरडी. मरोळ गावठाण.
मधे एक ओळ मोकळी.
ही कशाची?
द्राक्षाच्या नावाची.
मग नाव?
ते नाही ना.

विहिरीवरच्या मांडवाला एकच वेल.
तिचे आजोबा बस्त्याव तिला नुसतं 'ती' म्हणायचे:
ती फुलावर आलीय, आज तिला पाणी नको.
मणी बारीक, साल जाड, खाल्लं तर दात आंबतात.
पोपटांनी एकदा चोच लावली,
पुन्हा फिरकले नाहीत.
कुठल्याशा कृषी कॉलेजातून एकजण पान घेऊन गेला,
चार महिन्यांनी पत्र: आमच्याकडच्या कशाशीही जुळत नाही.

जन्मभर खिळे जुळवलेत मी.
पत्र दोनदा वाचलं.

पण अडलो 'कोरडी'वर.
पातळ वस्तू कोरडी कशी?
साखर उरत नाही हिच्यात, ती म्हणाली, सगळी खाल्ली जाते.
आमच्या वाईकडं भाकरीशी जे ओलं खायचं
त्यालाच म्हणतात कोरड्यास.
घशाला पडते ती कोरड,
पाठीवर ओढतात ते कोरडे,
आणि जमिनीची वाटणी झाल्यापासून भाऊ फोनवर
'बरंय' म्हणतो, ते.
एवढ्याशा शब्दात
किती जण दाटीवाटीनं बसलेत.

चहाच्या ग्लासात ओतली तिनं, दोन बोटं.
आधी जीभ आवळली,
जांभूळ संपून बी चघळत राहावी तशी.
मग लोखंड. मग विहिरीच्या आतल्या दगडाचा वास,
पोहरा वर येताना येतो तो.
मग काहीच नाही.
आणि त्या काहीच-नाहीत
बराच वेळ काहीतरी होतं.

आवडली? तिनं विचारलं.
म्हटलं, गोड बोलत नाही.
ती हसली. पहिल्यांदाच.

बारा पॉइंटचा 'क्ष' एकच उरलाय आमच्याकडे,
पाय झिजलेला. द्राक्षाला पुरला.
मोकळ्या ओळीचं मात्र तिला सांगावं लागलं:
रिकामी जागाही शिशाचीच असते.
ती छापत नाही,
पण ठासून भरावी लागते,
नाहीतर वरची खालची अक्षरं हलायला लागतात.
ती गप्प झाली.
मग म्हणाली, भरा.

विहीर मार्चमध्ये बुजवली. मांडव त्याच दिवशी.
दोन काड्या तेवढ्या वाचवल्या तिनं,
फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात,
ओल्या वर्तमानपत्रात, कोथिंबिरीशेजारी.
नवऱ्यानं एकदा कचरा समजून बाहेर काढल्या होत्या.
जगतील?
एकीला डोळा फुटलाय, म्हणाली,
आणि चटकन लाकडी केसला हात लावला.

वेल धरायला तीन वर्षं लागतात म्हणे.
तीन वर्षांनी हे ट्रेडल, ही गल्ली, माझे गुडघे,
हिशोब मी केला नाही.
संध्याकाळी खिळे आपापल्या घरात परत टाकले.
ती एक ओळ दोऱ्यानं बांधून
खिडकीत ठेवलीय.

चहावाला पोरगा ग्लास घेऊन गेला,
परत आणून दाखवला:
काका, दोनदा विसळला,
तळाला हे काय राहिलंय?