इतिवृत्त

सभा साडेदहाची. कोरम भरला सव्वाबाराला,
कारण जेवण एकला होतं.
खानापूरचं मंगल कार्यालय. खुर्च्यांच्या फटीत
कालच्या लग्नातल्या अक्षता.

अहवालाच्या मुखपृष्ठावर हिरवं पान,
पानावर दवाचा थेंब. आत:
झाडं लावली बाराशे. अपघात शून्य.
घाटाकडे गेलेल्या लाईनखालचे
किंजळ, नाणा, जांभूळ
कुठल्या पानावर आहेत, मी शोधलं नाही.
माझं काम लिहायचं.
घरी मराठी, वहीत कन्नड,
सह्या इंग्रजीत.

विषय चार, लेखापरीक्षकांची नेमणूक. मंजूर.
विषय पाच.
मंजूर, मंजूर, मागच्या रांगेतून,
जिथं विषय अजून पोचलाही नव्हता.

मग ओमाण्णा गुरव उठला.
शेअर एकच, जुन्या सोसायटीची कंपनी झाली
तेव्हा बापाच्या नावावरनं आलेला.
डावा हात खिशात.
"पान एकेचाळीस," म्हणाला. "रबरी हातमोजे, दोनशे जोड.
अकरा वर्षं खांबावर चढूलालोय मी.
त्यातला एक जोड मला दावा."

व्यवस्थापक म्हणाले, ही कंत्राटदाराची माणसं,
आपल्या आकड्यात येत नाहीत.
अध्यक्ष हसले, अरे चहा सांगा त्याला.
स्वतंत्र संचालक बाईंनी चष्मा काढला,
पदरानं पुसला,
परत घातला.

अहवाल मताला टाकला.
विरोधात कोण, हात वर करा.
ओमाण्णानं डावा केला. तीन बोटं.
हात मोजले:
एक.

जेवणात जिलेबी होती.

रात्री घरी वही उघडली.
"एका भागधारकाने खरेदीबाबत विचारणा केली,
समाधानकारक खुलासा झाला."
वाक्य गेल्या वर्षीचंच आहे, त्याच्या आधीचंही,
नुसती तारीख बदलायची.
"समाधानकारक"वर पोचले आणि लाईट गेली.

पेन तसंच धरून बसले.
शेजारी मुलं ओरडली, कुणाचा तरी मिक्सर थांबला.
गल्लीच्या टोकाला बॅटरीचा उजेड
हळूहळू वर चढत गेला, मध्ये थांबला,
आणखी वर.
इथून हात दिसत नव्हते.

वीस मिनिटांनी लाईट आली. मुलं परत ओरडली.
मी तो एक शब्द खोडला.
खाडाखोड असलेल्या पानावर
अध्यक्ष सही करत नाहीत. नव्यानं लिहून आणा म्हणतील.
नव्यानं म्हणजे काय लिहायचं, ते अजून
ठरलेलं नाही.
वही उघडीच ठेवलीय, शाई वाळेपर्यंत.