कारन: खार

मे महिन्यात, दुपारच्या दोन वाजता
तांडापेठेतल्या छतावर चढाचं
म्हनजे तव्यावर चढाचं.
डोक्याले दुपट्टा, कमरेले कटर,
खिशात कांदा, मायनं टाकलेला.

यादीत तिसरं नाव: निखारे, प्रमिलाबाई.
तीन महिने थकले. चौदाशे तेरा रुपये.
"काप," मालक म्हने फोनवर,
"लाल ठिपका दिसून राह्यला मले इथं."
मालकाच्या पडद्यावर अख्खी पेठ
हिरव्या-लाल ठिपक्यांची हाय.
पोरं रोज इकडचे तिकडं खेळाले जातेत,
ठिपके जागचे हालत नाई.

वायर हातात घेतली.
काळी, रिफिलएवढी.
आत काच असते केसासारखी,
तिच्यातून म्हने उजेड पळते.
अकरा वर्सं झाले, उजेड ओढून राह्यलो
या खांबावरून त्या खांबावर,
मले एकदाही दिसला नाई.

कापली.

खाली एक दार उघडलं.
मंग दुसरं.
मंग सायकलच्या दुकानामांगचं.
मंग हेडाऊ, बनियनवर,
ज्याच्या घरचा माग आता कपडे वाळवाच्या कामाचा हाय.
मंग एक पोरगी, हातात वही,
एक बोंडी कानात, दुसरी लोंबत.
लाइट गेल्यावर मानसं पंख्याकडं पाहतेत,
तसे सारे माझ्याकडं पाहून राह्यले.
नऊ दारं.
एका वायरीतून.

प्रमिलाबाई जिन्यानं वर आल्या, दमत.
वाटलं भांडतीन.
त्याईनं वही उघडली.
"हे पाय. साठ-साठ रुपये घेतो, नऊ घरचे.
फेब्रुवारीत सोनकुसऱ्याचा पोरगा मेयोत होता,
त्याचे मागतले नाई.
त्याचे मागतले नाई म्हनून
मंग बाकीच्याईनं पन दिले नाई.
माह्यावालीच चूक."

मंग पान्याचा गडू दिला, अन् म्हने,
"पह्यले आम्ही पुडीतलं नेट घेत होतो.
दिवसाले दीड जीबी, शाम्पूच्या पुडीसारखं.
गरिबाले सारं पुडीतच भेटते बाबू,
अन् पुडीच महाग पडते.
रातची पोळी उरली तं सकाळी कुस्करा होते.
बारा वाजता उरलेलं नेट
कुठं जाते रे?"

मले नाई मालूम.
मालकालेही नसन मालूम,
अन् त्याच्या मालकाले असन
तं तो सांगनार नाई.

टाकीच्या सावलीत बसून
बिलाच्या मांगं हिशेब केला.
नऊ गुणिले साठ: पाचशे चाळीस.
एका घरावर चारशे एक्काहत्तर लावून
आपल्याले काय भेटलं? ठिपका.
मालकाले फोन लावला, आकडे वाचले.
तो लय वेळ हासला.
"लेका, तू वायर ओढ."

ओढली.
सोलली, स्पिरिटनं पुसली,
दोन्ही टोकं मशीनीत समोरासमोर ठेवले.
जोडताना एक ठिनगी पडते, डोळा लवाच्या आत.
तेवढी मले दिसते.

चार दारातून दोनशे चाळीस जमले तवापर्यंत.
कांद्याच्या खिशात टाकले.
खाली दारं लागले.
कोनी काही म्हटलं नाई,
त्याईले वाटलं कंपनीचंच बिघडलं होतं.
फक्त त्या पोरीच्या घरातून
एक सर ओरडून राह्यले होते,
"आवाज येतोय का? आवाज येतोय का माझा?"
अन् ती म्हने, "हो सर, येतोय, येतोय."

तक्रारवहीत लिहिलं:
ठिकान तांडापेठ. वायर तुटली. जोडली.
कारन: खार.

पुढच्या महिन्यात मालक म्हने,
"काबे, तांडापेठेतच काहून येवढ्या खारी?"
म्हटलं, पेरूचे झाडं हाय न मालक तिकडं.

एकही नाई.