इंगु गुंडी

महापालिकेचा अर्ज कानडीत.
ईरण्णा खिडकीतूनच वाचून सांगतो:
इंगु गुंडी, म्हणजे पाणी मुरवायचा खड्डा.
लांबी, रुंदी, खोली. खडीची पावती, वाळूची पावती,
रोपांचीसुद्धा.
कर्दळ तर समोरच्या पद्माक्कांनी उपटून दिली,
तिची पावती कुठून आणू?

"खोदाईला किती गेले?"
काहीच नाही.
खड्डा होताच.
वडगावात आमच्या छपरीत मामंजींचा माग होता,
चाळीस वर्षं पाय त्याच खड्ड्यात,
पावड्यांवर.
छप्पर पडलं, माग जळणाला गेला,
खड्डा तेवढा उरला, मांडीइतका खोल.
गल्लीचं पाणी उंबऱ्याला लागायचं.
यंदा पन्हाळ तिकडं वळवली,
खाली खडी, वर वाळू, कडेला कर्दळ.
दोन रात्री झाल्या, उंबरा कोरडा आहे.

ईरण्णाचा पेन थांबतो.
"जुन्या खड्ड्याला पैसे नाहीत, अक्का.
नवा म्हणून लिहू?"

मागं रांग. कुणीतरी खोकतं.
पैसे हवे होते, खोटं कशाला बोलू.
जुना लिहा, म्हणते.

खोदाईच्या रकान्यात शून्य काढता काढता
तो मान वर न करता विचारतो,
"रेशीम विणायचे, की सूत?"