उबवण

बाटली बोटाएवढी. तळाशी औषधाची पूड.
खुणेपर्यंत नळाचं पाणी भरायचं, हलवायचं,
दोन दिवस उबेत ठेवायचं.
काळं झालं तर पिऊ नका.
एवढंच सांगायचा पगार आहे मला.
सांगते हिंदीत, बाटल्या मोजते मराठीत.

जानेवारीतलं ग्वाल्हेर. धुक्यानं किल्ला गिळलेला.
"ऊब कुठली आणू, दीदी?" बिरमा म्हणाली,
आणि बाटली पोलक्यात खोचून
अगरबत्त्या वळायला बसली.
रात्री कूस बदलली नाही म्हणे,
कोंबडी अंड्यावर बसते तशी.

तिच्या दारामागून स्वर्णरेखा जाते.
नकाशावर नदी, निळी.
गल्लीत सगळे नालाच म्हणतात.
नळाचा पाइप तिच्यात उतरतो, पलीकडे निघतो,
सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
दुखऱ्या बोटाला चिंधी बांधावी तशी.
पाणी चाळीस मिनिटं.
पहिल्या दहा मिनिटांचं वास मारतं, ते मोरीला.
नंतरचं बिट्टनला.
बिट्टन सहा वर्षांची.
चौथ्या वर्षी शिवलेला फ्रॉक तिला अजून होतो.

तिसऱ्या दिवशी बिरमानं बाटली काढली.
काजळ.
माझ्याकडे न बघता विचारलं,
"माझ्या घामानं नासलं का?"

साहेब म्हणाले, नमुना टाकीवरून घ्यायचा असतो.
टाकीवर पाणी स्वच्छ आहे.
टाकीवर कोण राहतं, हे मी विचारलं नाही.
रजिस्टरमध्ये 'टाकी' लिहिलं, पुढे 'योग्य'.
सही माझी.

त्या रात्री एक बाटली घरी आणली, लष्करात,
माझ्याच नळाखाली धरली.
तेच तिघऱ्याचं धरण, तीच तुरटी, तोच क्लोरीन.
शालीत गुंडाळून पोटाशी घेतली.
नवरा म्हणाला, आता हे काय नवीन?
दोन रात्री मीही कूस बदलली नाही.

बाटली पिवळी राहिली,
कोऱ्या चहात लिंबू पिळल्यासारखी.
हायसं वाटलं. खरं सांगते, आधी हायसंच वाटलं.

मग ती फडताळात ठेवली,
बिरमाच्या बाटलीशेजारी,
आणि भात टाकायला नळ सोडला.
पाणी आलं, नेहमीसारखं, लगेच.
पातेलं भरलं.
चूल पेटवण्याआधी
पन्नास वर्षांत पहिल्यांदा
ते नाकाशी नेलं.