पावती

निवडणूक लागली की आमच्या बंदुकीला घर सोडावं लागतं.
जुन्या चादरीत गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन
मी मनोरीच्या फेरीबोटीत बसते.
शेजारची बाई विचारते, पडद्याचा दांडा काय गो?
मी म्हणते, हो.
मार्वे येईपर्यंत ती मला पडद्याच्या कापडाचे भाव सांगते.

ठाण्यात हवालदार नवा.
चादर उलगडून म्हणाला, मॅगझिन कुठंय?
ठासणीची आहे, साहेब. तोंडातूनच भरायची.
आधी दारू, मग चिंधी, मग गोळी, मग गजाने ठास.
आणि दुसरी गोळी?
दुसरी भरेस्तोवर डुक्कर गोराईला पोचतं.
तो हसला. परवाना वाचला : पिकाच्या रक्षणासाठी.
पीक आता तीन गुंठे आहे
आणि शेवटचं डुक्कर माझ्या लग्नाआधीचं,
पण ते त्याने विचारलं नाही.
लिहिलं : बंदूक, एक, जुनी.
पावती क्रमांक एकतीस.

अडीच महिन्यांनी परत आणली
तर नळीवर बोट फिरवताच बोट विटेच्या रंगाचं.
बापूस काही बोलला नाही.
नळीच्या तोंडाला नाक लावून बराच वेळ बसला,
कलिंगड घेताना बसतो तसा.

लोखंडाला खारा वारा सोसत नाही, हे कुणीही सांगेल.
पण खरी चोर ती राख, बार उडाल्यावर आत उरते ती.
हवेतलं पाणी पिते. रात्रभर पीत राहते,
आमच्या दुमेतकाकासारखी,
आणि सकाळी घरात काहीतरी मोडलेलं असतं.
दारू ती दारूच, बापूस म्हणायचा,
बाटलीतली काय न् नळीतली काय,
झाल्यावर धुवायला कुणीतरी लागतं.
म्हणून बार काढला त्याच रात्री.
दमले, पाहुणे आहेत, उद्या बघू, असलं काही नाही.

टोपात पाणी उकळायचं.
नळी दस्त्यापासून सोडवून बूड बादलीत,
गजाला आईच्या लुगड्याची चिंधी,
वर खाली, वर खाली.
पहिलं पाणी माकुलाच्या शाईसारखं.
दुसरं राखाडी.
तिसरं तांदळाच्या धुवणासारखं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही.
पाचवं कडकडीत हवं, म्हणजे लोखंड स्वतःच्या तापाने सुकतं.
मग शिलाई मशीनचं तेल,
आणि बुडाजवळच्या बारीक कानात कोंबडीचं पीस.
हा कान पिसाने मोकळा होतो.
बापसाचे दोन्ही कान पन्नास वर्षं बार ऐकून बसलेत,
त्यांना पीस नाही.

तो गंज काढायला मला चार रविवार लागले.
एक खड्डा तरीही राहिला, माशीच्या पायाएवढा.
तो मला अंधारातही सापडतो.

आगेऱ्याच्या दिवशी क्रुसाजवळ भाताची पहिली कणसं.
गोळी नाही, नुसती दारू, मानाची.
परवाना आता माझ्या नावावर, म्हणून खांदाही माझा.
घोडा ओढला, चाप दाबला.
टक्.
पोरं खिदळली. इनासचा मुलगा ओरडला, फुसका!
मी नळी आभाळाकडेच धरून उभी,
मनात साठपर्यंत मोजत,
कारण न उडालेल्या बाराला घाई केलेली खपत नाही.
मग केप बदलली.

धडाड्.
बगळे उठले. रिसॉर्टच्या गच्चीवरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.
पांढरा धूर भातावर लोळत राहिला,
उकडलेल्या अंड्याच्या वासाचा, जायला तयारच नाही.

बापूस माझ्या मागे, क्रुसाच्या ओट्यावर तळवा टेकून.
झाला का? त्याने विचारलं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.
मी मान हलवली.
त्याने तळवा उचलून पाहिला,
लुंगीला पुसला,
आणि म्हणाला, मग हिते काय उभी?
जा, पाणी ठेव.