दुसरी ई, पाचवी ई

बर्डीच्या आतल्या गल्लीत माझं दुकान.
मी अक्षरं विकतो. पितळी, स्टीलची,
दोन इंची, तीन इंची.
नावं लोक घरून आणतात.

संच बाहेरून येतो, इंग्रजीच्या हिशेबानं भरलेला:
बारा ई, नऊ ए, एक एक्स, एक क्यू.
पण नागपूर त्या हिशेबानं राहत नाही.
एक नंदनवार आले की तीन ए गेले, तीन एन गेले.
महालक्ष्मी नावाची एखादी स्कीम झाली
तर एक्स खपतो, नाहीतर पडून.
बुधवारपर्यंत ए संपतो.
ई उरतात, कंगव्याच्या तुटक्या दातांसारख्या,
डबाभर.

मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं.
डोक्याला दुपट्टा गुंडाळून कुंदाताई आल्या,
मेडिकलमधून रिटायर झालेल्या सिस्टर,
आणि औषधाच्या चिठ्ठीमागं काढलेला नकाशा
काउंटरवर ठेवला:
रिकामं, ई, रिकामं, रिकामं, ई.

मानेवाड्याला जुना फ्लॅट घेतला होता त्यांनी.
आधीचे पेठे पुण्याला गेले,
जाताना दाराशेजारच्या ग्रॅनाइटवरचं नाव खरवडून नेलं.
पी निघाला, टी निघाला, एच निघाला.
"हे दोन निघूनच नाही राहिले भाऊ.
कोणी सिमेंट लावलं का काय लावलं!"

तुमचं आडनाव?
"नंदनवार."
नऊ अक्षरं. भोकं पाच.
"म्हणून तर आली. पाच अक्षरी काही सांगा.
दुसरी ई पाहिजे, पाचवी ई पाहिजे,
आणि दारावर शोभलं पाहिजे."

मला दहावीत इंग्रजीला पस्तीस.
तरी बिलबुकाच्या पाठीवर लिहीत गेलो.
हेज. म्हणजे कुंपण.
"तिसऱ्या मजल्यावर?"
लीज. भाडेपट्टा.
"हप्ते फेडले ना मी, बाप्पा!"
पीस, शांतता. हे चांगलं होतं,
पण पहिलं अक्षर पुन्हा पेठ्यांचंच. ते नको.
टेन्स. त्या नुसत्या हसल्या.
लीव्ह. जाणं, किंवा रजा.
"एकतीस वर्षं मागितली तेव्हा मिळाली नाही,
आता दारावर लावू?"

मग मी शब्द सोडले, अक्षरंच घेतली.
वासनिकांसाठी राखलेला डब्ल्यू,
कप्प्याच्या कोपऱ्यातला शेवटचा ए,
एक व्ही,
आणि त्यांच्या दोन ईंच्या जागी माझ्या दोन,
फक्त मापापुरत्या.
काचेवर सरकवत राहिलो.
काहीतरी जुळल्यासारखं दिसलं.
वीव्ह.
असतो का असा शब्द? दोघांनाही माहीत नव्हतं.
पोराची डिक्शनरी काढली, धूळ झटकली.

विणणे.

कुंदाताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, बाबा तांडापेठेत मागावर होते.
खड्ड्यात पाय, हातात धोटा,
रात्री जेवतानाही बोटं ताटाच्या कडेवर
तुटलेला धागा शोधायची.
आम्हा बहिणींना खड्ड्यात उतरू दिलं नाही.
"माझे पाय खाली गेले नाहीत,
म्हणून पांढऱ्या बुटात उभी राहिली भाऊ मी."
आणि लगेच:
"तीनच अक्षरांचे पैसे देईन. ई माझ्या आहेत."

शनिवारी मी स्वतः गेलो बसवायला.
त्यांच्या ई काळवंडलेल्या, माझी तीन झगझगीत.
नवं, जुनं, नवं, नवं, जुनं.
लुगड्याच्या पट्ट्यांसारखं दिसत होतं.
घासून एकसारखं करून देतो म्हटलं,
तर नको म्हणाल्या.
नाव कुठं लावणार?
"खाली डब्यावर. तिथं मावते."
चौकीदार त्या दिवसापासून
त्यांना वेव्ह मॅडम म्हणतो.

सोमवारी वासनिक आले.
डब्ल्यू संपला, म्हटलं, गुरुवारी या.
ते तणतणत गेले.
मी ई मोजत बसलो. पुन्हा बारा.