तळपाय

लग्नाला छत्तीस वर्षं झाली
आणि तुमचे तळपाय मी पहिल्यांदा नीट पाहिले
ते गेल्या मार्गशीर्षात.

तोवर पाय म्हणजे
नवाबागेच्या वाळूत उमटून लाटेने नेलेले,
रापणीचा दोर ओढताना घोट्यापर्यंत रुतलेले,
मागीलदारी तांब्याभर पाण्यात
एकावर एक घासून आत येणारे.
पायाला खालची बाजू असते
हे कोण लक्षात ठेवतं?

मग त्या दिवशी कालवाची शिंपी लागली.
तुम्ही खडपावरून घरी आलात,
चहा घेतलात, बांगड्याच्या भावावर बोललात,
आणि लादीवर तुमच्यामागून खुर्चीपर्यंत
तांबडे ठसे, एकाच पायाचे.
"ह्या रगात कोणाचा?"
तुम्हीच विचारलंत.

डॉक्टरीणबाई आपल्या वीणापेक्षा लहान.
डोळे मिटायला सांगून
नायलॉनच्या दोऱ्याने तळवा टोचून पाहिला.
तुम्ही तोंडी परीक्षेला बसल्यासारखे
दहातल्या सात ठिकाणी गप्प.
साखर, त्या म्हणाल्या. नसा झोपल्यात.
घरातही चप्पल. रोज रात्री तळवे बघायचे,
वाकता येत नसेल तर काकी बघतील.
मग भूक, झोप, लघवी विचारल्याच्या ओघात
"आणि तुम्हा दोघांची जवळीक?"

तुम्ही भिंतीवरचं खताच्या कंपनीचं कॅलेंडर
वाचायला घेतलंत, एकादश्यांसकट.
मी म्हटलं, आहे.
मग म्हटलं, होती.
त्या हसल्या नाहीत.
साखरेनेही होतं असं, वयानेही, लाजेनेही.
लाजेवर गोळी नाही काकी,
बोला एकमेकांशी.

बोला!
छत्तीस वर्षं आपण बोललो
ते बर्फाच्या लादीवर, डिझेलवर, वीणाच्या फीवर.
बाकीचं काळोखात, श्वास धरून,
भिंतीपलीकडे सासूबाई खोकत असताना.
आणि माझे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून
तर खाटाच दोन.

आता जेवणं आटपली की
तुम्ही खाटेवर, मी समोर स्टुलावर,
तुमची टाच माझ्या मांडीवर.
मोतीबिंदू काढलेला डोळा उजवा,
म्हणून विजेरी उजवीकडून.
अंगठ्याखाली पांढरा वण.
"ह्यो कसलो?"
"गळ लागलो हुतो. चौदा वर्साचो होतंय."
"माका कधी सांगूक नाय."
"तू कधी बघूक नाय."

मग खोबरेल.
बोटांच्या बेचक्यात नाही,
तिथे कोरडं ठेवायचं, सांगितलंय.
चवड्यावर बोट टेकून मी विचारते,
"हय कळता?"
"नाय."
टाच. "हय?"
"नाय."
भरतीच्या वेळी, चंद्र नसताना,
पाणी कुठे संपतं आणि वाळू कुठे लागते
ते चाचपत जावं, तशी मी वर सरकते.
घोटा. "थोडा थोडा."
पोटरी. "कळता."
त्याच्याही वर, गुडघ्यामागच्या वळीत,
तुम्ही काहीच बोलत नाही,
आणि तुमचं ते न बोलणं
इतक्या वर्षांत मला
पहिल्यांदा नीट ऐकू येतं.

पुष्कळदा एवढंच. विजेरी विझते,
तुम्ही घोरायला लागता,
मी हात साबणाने धुते
तरी तेलाचा वास उशीपर्यंत येतो.
पण मलाही एक ट्यूब लिहून दिली आहे त्यांनी,
माझ्या कोरड्यासाठी.
ती मी आगळाच्या बाटलीमागे दडवली होती.
परवा तुम्हीच काढून आणलीत,
चष्मा लावून वरची बारीक अक्षरं
खताच्या कॅलेंडरासारखीच
शेवटपर्यंत वाचलीत,
आणि म्हणालात,
"हेची तारीख तरी अजून आसा."

मी इतकी हसले
की शेजारची मीनाक्षी सकाळी विचारत होती,
काकी, रात्री टीव्हीवर काय होतं?

घरातही चप्पल, सांगितलंय.
तुम्ही आता विसरत नाही.
फक्त सकाळी एक तुमच्या खाटेखाली सापडते,
दुसरी माझ्या.